काळंच प्रिंट काढते, मग निळी शाई कशी संपते?

मी घरी आठवी ते दहावीच्या ट्यूशन घेते. दर रविवारी टेस्ट असते, म्हणजे शनिवारी रात्री प्रश्नपत्रिका प्रिंट करायच्या, कधी बीजगणित कधी भूमिती, पांढऱ्या कागदावर काळी अक्षरं, रंगाचा एक ठिपकापण नाही. मागच्या शनिवारी अठरा पोरांसाठी प्रिंट काढायला बसले आणि सहा कॉपी झाल्यावर प्रिंटर थांबला. स्क्रीनवर मेसेज की निळी शाई संपली, कार्ट्रिज बदला. काळी शाई अर्ध्याच्या वर शिल्लक दाखवत होती. कॅन्सल केलं, बंद करून परत चालू केलं, काही उपयोग नाही. शेवटी रविवारी सकाळी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्या दादांना लवकर दुकान उघडायला लावून बाकीच्या बारा कॉपी काढल्या.

टेस्टनंतर पालकांशी बोलताना कळलं की निम्म्या घरांत हीच तक्रार आहे. एका बाबांचं म्हणणं, कंपन्या लुटतात, दुसरं काही नाही. दुसरे म्हणाले काहीतरी टेक्निकल कारण असणारच, उगाच कोण थांबवेल. मी आठवडाभर याच्यावर वाचलं, रिफिल करणाऱ्या माणसाशी बोलले, आणि मला वाटतं दोघांचंही बरोबर आहे पण वेगवेगळ्या जागी. रंगीत शाई खर्च होते त्याला खरी कारणं आहेत. निळी संपल्यावर काळं छापायला नकार देणं मात्र बऱ्याचदा कोणीतरी घेतलेला निर्णय असतो. या दोन गोष्टी आपण एकत्र करतो म्हणून गोंधळ होतो.

आधी प्रिंटरच्या पोटात काय असतं ते

हे सगळं इंकजेटबद्दल आहे, म्हणजे घरात असतो तो पातळ शाईचा प्रिंटर. लेझर प्रिंटरमध्ये कोरडी पूड असते, त्याच्याकडे नंतर येऊ.

इंकजेटमध्ये एक हेड असतं जे कागदावर डावीकडून उजवीकडे पळतं. त्याच्या खालच्या बाजूला शेकडो बारीक भोकं, त्यांना नोझल म्हणतात, केसाच्या जाडीपेक्षाही बारीक. त्यातून शाईचे थेंब उडतात. थेंब किती छोटा, तर साधारण काही पिकोलिटर, आणि एक पिकोलिटर म्हणजे एका मिलिलिटरचा एक अब्जावा भाग. चार पिकोलिटरचा थेंब धरला तर एका मिलिलिटर शाईत पंचवीस कोटी थेंब बसतात. एवढा बारीक थेंब उडवायच्या दोन पद्धती आहेत. एकात नोझलमागे इवलासा हीटर असतो, तो एका क्षणात सुमारे ३०० अंशांपर्यंत तापतो, शाईत बुडबुडा होतो आणि बुडबुडा पुढचा थेंब ढकलून देतो. एचपी आणि कॅननच्या घरगुती प्रिंटरमध्ये ही पद्धत असते. दुसऱ्यात, एप्सन आणि ब्रदरमध्ये, एक स्फटिक असतो जो वीज दिली की किंचित वाकतो आणि शाईला धक्का देतो, त्यात गरम काही होत नाही. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

शाया चार. निळसर सायन, गुलाबीसर मजेंटा, पिवळा आणि काळा. याला सीएमवायके म्हणतात. शेवटचा के म्हणजे इंग्रजीतला "की" (key) हा शब्द, छापखान्यात काळ्या रंगाची प्लेट ही मुख्य प्लेट, बाकीच्या रंगांच्या प्लेटा तिच्याशी जुळवून घ्यायच्या, म्हणून की प्लेट. हे चार रंग तुम्ही रोज बघता, वर्तमानपत्राच्या पानाच्या कडेला छोटे चार रंगांचे ठिपके असतात ना, ते हेच, रंग नीट जुळलेत का हे छापणाऱ्याला कळावं म्हणून ठेवलेले.

तीन रंगांचा काळा आणि खरा काळा

लहानपणी वॉटरकलरच्या डबीतले सगळे रंग एकत्र केले की काय व्हायचं आठवतंय? काळा होईल असं वाटायचं आणि व्हायचा चिखलाचा रंग. प्रिंटरचंही तेच. सायन, मजेंटा आणि पिवळा एकत्र केले तर थिअरीप्रमाणे सगळा प्रकाश शोषला जाऊन काळा दिसायला हवा, पण प्रत्यक्षात कुठलाच रंग इतका शुद्ध नसतो, म्हणून गडद तपकिरी येतो. शिवाय तीन थेंबांची शाई एका जागी पडली की कागद ओला होतो, फुगतो. म्हणून काळी शाई वेगळी ठेवतात. ती स्वस्त पडते, अक्षर टोकदार येतं.

मग प्रश्न पडतो की वेगळी काळी आहे तर रंगीत मिसळता कशाला. इथे शाईच्या जातीचा मुद्दा येतो. शाई दोन प्रकारची, डाय आणि पिगमेंट. डाय म्हणजे रंग पाण्यात पूर्ण विरघळलेला, साखर विरघळते तसा. पिगमेंट म्हणजे अतिशय बारीक पूड पाण्यात तरंगत ठेवलेली, हळद पाण्यात कालवली तशी. बऱ्याच प्रिंटरमध्ये रंगीत शाया डायच्या असतात आणि काळी पिगमेंटची, तीसुद्धा कार्बनची, म्हणजे जवळपास काजळीच. आपल्या जुन्या पोथ्यांची शाईही काजळापासून करायचे आणि ती अक्षरं अजून काळीभोर आहेत, कार्बन उडत नाही. साध्या कागदावर ही पूड वरच बसते, आत पसरत नाही, त्यामुळे अक्षर कडक दिसतं.

पण हीच पूड चकचकीत फोटो पेपरवर नीट धरत नाही. त्या कागदावर एक थर असतो जो डाय शोषून घेतो, पूड मात्र वर राहते आणि बोट फिरवलं की पुसली जाते. म्हणून प्रिंटरला फोटो पेपर आहे असं सांगितलं की तो मुख्य काळी शाई बाजूला ठेवतो आणि काळा रंग तीन रंगांतून बनवतो, किंवा फोटोसाठी वेगळी डायवाली काळी असेल तर ती घेतो. आता विचार करा, पासपोर्ट फोटो काढताना कोणीतरी पेपर टाइप फोटो केला, परत बदलायचं राहिलं, आणि पुढचा महिनाभर सगळे होमवर्क त्याच सेटिंगवर निघाले. सगळा काळा मजकूर रंगीत शाईतून. हे माझ्याच घरी झालं होतं, आणि कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

करड्या रंगाची भानगड अजून वेगळी. प्रिंटरकडे करडी शाई नसते. फिका करडा दाखवायचा तर काळे ठिपके लांब लांब टाकायचे, मधे कागद पांढरा सोडायचा, डोळ्याला ते मिसळून करडं दिसतं. वर्तमानपत्रातला जुना ब्लॅक अँड व्हाइट फोटो भिंगातून बघितला असेल तर तसंच. पण चेहऱ्यासारख्या ठिकाणी असे विरळ काळे ठिपके रव्यासारखे खरखरीत दिसतात. त्याऐवजी तीन फिकट रंगांचे थेंब दाट टाकले की करडा मऊ येतो. म्हणून क्वालिटी हाय ठेवली की प्रिंटर ब्लॅक अँड व्हाइट फोटोतही रंग वापरतो, आणि त्यात चूक काही नाही, फोटोसाठी ते चांगलंच आहे.

तुमचं काळं पान खरंच काळं आहे का?

हा मुद्दा मला स्वतःला नवीन होता. आपल्याला जे काळं दिसतं ते कॉम्प्युटरला काळं असेलच असं नाही. वर्डमधल्या बऱ्याच टेम्प्लेटमध्ये हेडिंग गडद निळं किंवा गडद करडं असतं. वेबसाइटवरची अक्षरं तर कितीदा पूर्ण काळी नसतात, डोळ्याला बरं वाटावं म्हणून थोडी सौम्य केलेली असतात. प्रिंटर ते प्रामाणिकपणे छापायला जातो आणि रंग मिसळतो.

त्याहून मोठं कारण म्हणजे मोबाइलवर काढलेले फोटो. आधार कार्ड, सातबारा, मार्कशीट, सगळं आपण ट्यूबलाइटखाली फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो आणि त्याचीच प्रिंट मारतो. कागद आपल्याला पांढरा वाटतो पण फोटोत तो पिवळट असतो, एका कोपऱ्यात हाताची निळसर सावली. प्रिंटर ते सगळं पान पिवळ्या आणि गुलाबी ठिपक्यांनी भरतो. अक्षरांना लागली नसेल एवढी शाई त्या "पांढऱ्या" भागाला लागते. स्कॅनरच्या अ‍ॅपमध्ये ब्लॅक अँड व्हाइट फिल्टर लावून मगच प्रिंट दिली तर हा खर्च थेट वाचतो, मी आता पोरांनाही हेच सांगते.

सगळ्यात डोळ्यांआड जाणारी शाई

इतकं सगळं सांभाळलं, फक्त काळंच छापलं, तरी रंगीत शाई कमी होतेच. का, तर साफसफाई.

शाईचं पेन वापरलेल्यांना हे लगेच कळेल. पेन चार दिवस पडून राहिलं की निबवरची शाई सुकते, मग आपण पेन झटकायचो, फरशीवर शिंतोडे, आईची बोलणी, आणि मग पेन चालायचं. त्या झटकण्यात गेलेली शाई वहीवर कधीच उतरली नाही, पण ती गेल्याशिवाय पेन चाललंही नसतं. प्रिंटरला अशी शेकडो निबं आहेत, प्रत्येक केसाहून बारीक, आणि चारही रंगांची. तुम्ही निळा वापरा न वापरा, निळ्या नोझलच्या तोंडाशी शाई सुकायची ती सुकतेच.

म्हणून प्रिंटर चालू केल्यावर ती घरघर करतो. बऱ्याचदा तो सगळ्या रंगांच्या नोझलमधून थोडी शाई ओढून काढत असतो. छापताना मधेच हेड एका कोपऱ्यात जाऊन थांबतं, तिथेही काही थेंब उडवले जातात, नोझल ओली राहावीत म्हणून. ही शाई तळाशी असलेल्या स्पंजसारख्या पॅडमध्ये नाहीतर एका वेगळ्या बॉक्समध्ये जमा होते. प्रिंटर जुना झाला की "इंक पॅड भरलं" असा मेसेज येतो ना, तो याचाच, इतकी वर्षं कागदावर न उतरलेली सगळी शाई तिथे साठलेली असते. रिफिलवाल्याने मला एक जुनं पॅड काढून दाखवलं, हाताला जड लागत होतं, काळंनिळं थबथबलेलं. ते बघून मला खरंच वाईट वाटलं.

माझ्याकडे मे महिन्यात ट्यूशन बंद असते, प्रिंटर दीड महिना पडून, त्यात उन्हाळा. जूनमध्ये चालू केला की आडव्या पांढऱ्या रेघा, मग एकदा क्लीनिंग, परत क्लीनिंग, आणि क्लीनिंग बहुतेक प्रिंटरवर चारही रंगांचं एकदमच होतं. म्हणजे कमी वापरणाऱ्याची शाई उलट वाया जास्त जाते. बॉक्सवर लिहिलेला पानांचा आकडा का जुळत नाही त्याचंही एक कारण हेच. रंगीत इंकजेटची पानं मोजायचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आहे, आयएसओ/आयईसी २४७११, त्यात ठरलेली पानं सलग छापत कार्ट्रिज संपवतात. आपण महिन्याला दहा पानं काढतो, मधल्या सगळ्या क्लीनिंगचा हिशोब त्या आकड्यात कुठून येणार.

एक सवय मात्र आपण बदलू शकतो. प्रिंटर भिंतीवरच्या बटणाने बंद करू नका, त्याच्या स्वतःच्या बटणाने करा. तसं केलं की हेड जागेवर जाऊन बसतं आणि खालून रबरी झाकण लागतं, पेनाला टोपण लावतो तसं. भिंतीवरून बंद केलं आणि हेड मधेच असलं तर टोपण उघडं राहतं, रात्रभरात सुकतं. लाइट जाणाऱ्या गावांत प्रिंटर लवकर बिघडतात त्यात याचा नक्की हात आहे असं मला वाटतं.

बरं, पण मग छापायचं थांबवायची काय गरज?

हा खरा प्रश्न, आणि कंपन्यांची बाजू आधी सांगते कारण तिच्यात तथ्य आहे. हीटरवाल्या हेडमध्ये शाईच हीटरला थंड ठेवते, शाईशिवाय तो तापत राहिला तर जळतो, रिकामं पातेलं गॅसवर ठेवल्यासारखं. स्फटिकवाल्या हेडमध्ये शाई पूर्ण संपली की हवा आत शिरते, आणि विहिरीवरच्या मोटारीने हवा धरली की पाणी चढत नाही तसं होतं, ती हवा काढायला परत भरपूर शाई ओढावी लागते. एका रंगाची शाई नसताना चारही रंगांचं क्लीनिंग चाललं तर नुकसान होऊ शकतं. म्हणून थोडी शाई शिल्लक असतानाच प्रिंटर थांबतो.

हे मला पटतं. पण यातून काळं छापणं पूर्णच बंद करायला पाहिजे हे सिद्ध होत नाही. निळी संपली तर निळी नोझल चालवू नका, तिचं क्लीनिंग थांबवा, आणि मला माझी प्रश्नपत्रिका काळ्यात काढू द्या, हे जमतं, कारण काही प्रिंटर असं करतात. एचपीच्या दोन कार्ट्रिजवाल्या बऱ्याच मॉडेलमध्ये एक कार्ट्रिज काढून ठेवलं तरी दुसऱ्यावर काम चालतं. काही एप्सनमध्ये रंगीत संपल्यावर तात्पुरतं फक्त काळ्यावर छापायची सोय असते. एका मॉडेलला जमतं आणि दुसऱ्याला नाही, तर तो डिझाइन करताना घेतलेला निर्णय झाला.

शिवाय "संपली" हे प्रिंटरला कळतं कसं? बऱ्याच कार्ट्रिजमध्ये शाई मोजायला आत काही नसतं, प्रिंटर उडालेले थेंब मोजून अंदाज बांधतो आणि तो कार्ट्रिजवरच्या चिपमध्ये नोंदवतो. फ्रान्समध्ये मुद्दाम वस्तूचं आयुष्य कमी करणं २०१५ पासून कायद्याने गुन्हा आहे, आणि तिथल्या एका ग्राहक संघटनेने २०१७ मध्ये प्रिंटर कंपन्यांवर, विशेषतः एप्सनवर, याच मुद्द्यावर तक्रार केली होती, आरोप असा की शाई शिल्लक असताना कार्ट्रिज संपल्याचं दाखवून छपाई अडवली जाते. त्याच्या आदल्या वर्षी, सप्टेंबर २०१६ मध्ये, एचपीच्या काही प्रिंटरनी अचानक दुसऱ्या कंपन्यांची कार्ट्रिज घ्यायचं बंद केलं, प्रिंटरमधल्या सॉफ्टवेअरमुळे, आणि लोक इतके चिडले की कंपनीला माफी मागून ते काढायचा अपडेट द्यावा लागला. प्रिंटर स्वस्तात विकायचा आणि कमाई शाईवर करायची हा या धंद्याचा जुना हिशोब आहे, त्यामुळे शाईवरचं कुठलंही कुलूप निव्वळ तांत्रिक असतं असं मानायला मी तयार नाही. माझी शाई, मी पैसे दिलेत, ती अर्धी भरलेली आहे आणि वापरता येत नाही, हे चुकीचंच आहे.

आणि ते पिवळ्या ठिपक्यांचं काय?

हा मेसेज फिरत असतो की सरकारला कळावं म्हणून प्रिंटर गुपचूप पिवळे ठिपके छापतो आणि म्हणून पिवळी शाई लागते. अर्धं खरं आहे. कलर लेझर प्रिंटर आणि कॉपियरमध्ये हे खरोखर आढळलंय. अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने २००५ मध्ये झेरॉक्सच्या डॉक्युकलर मशीनचे ठिपके उलगडून दाखवले, त्यात छापल्याची तारीख, वेळ आणि मशीनचा नंबर होता. यामागे खोट्या नोटा छापणारे सापडावेत हा हेतू. पण हे रंगीत लेझरबद्दल आहे, आणि ते ठिपके इतके बारीक की त्याने पिवळी संपणार नाही. तुमच्या घरच्या इंकजेटची पिवळी संपते ती क्लीनिंगमुळे आणि त्या पिवळट सातबाऱ्यामुळे.

ग्रेस्केल टिक केलं की झालं ना?

दरवेळी नाही. ग्रेस्केल म्हणजे फक्त रंग काढून करड्या छटा ठेवा, त्या छटा कुठल्या शाईने बनवायच्या ते प्रिंटर ठरवतो. काही मॉडेलमध्ये त्याखाली अजून एक पर्याय असतो, "ब्लॅक इंक ओन्ली" नाहीतर "हाय क्वालिटी ग्रेस्केल". पहिला घ्यायचा. पेपर टाइप प्लेन पेपर, क्वालिटी नॉर्मल किंवा ड्राफ्ट. मोबाइलवरून प्रिंट देताना हे पर्याय बऱ्याचदा दिसतच नाहीत, म्हणून महत्त्वाच्या प्रिंट मी लॅपटॉपवरूनच देते. आणि हे करूनही क्लीनिंगची शाई जाणारच.

मग घेताना कोणता घ्यायचा?

घरात फक्त मजकूरच छापायचा असेल, रंग वर्षातून दोनदा लागत असेल, तर साधा ब्लॅक लेझर घ्या. त्यात कोरडी पूड असते, सुकायला काही नाहीच, सहा महिन्यांनी चालू केला तरी पहिलं पान नीट. निळी नाही म्हणून अडणार नाही कारण निळी त्याच्यात नाहीच. रंगीत दोन पानं झेरॉक्सच्या दुकानातून काढा.

पोरांचे प्रोजेक्ट, फोटो, नकाशे असं रोज काहीतरी रंगीत असेल तर टँकवाला, म्हणजे कार्ट्रिजऐवजी बाटलीतून शाई भरायच्या टाक्या असलेला इंकजेट. एप्सनने तो २०१० मध्ये पहिल्यांदा इंडोनेशियात आणला, तिथे लोक आधीच प्रिंटरला बाहेरून बाटल्या आणि नळ्या जोडून शाई भरत होते, आपल्याकडेही रिफिलवाले तेच करायचे. आता बाकी कंपन्याही टँकवाले विकतात. त्यातही क्लीनिंगला शाई जाते, पण बाटलीतली शाई कार्ट्रिजच्या मानाने खूप स्वस्त पडते त्यामुळे जीव जळत नाही. मात्र तो आठवड्यातून एकदा तरी चालवा, चारही रंग असलेलं एखादं पान काढा. वापरणार नसाल तर घेऊ नका, टँक भरलेला आणि नोझल बंद अशी अवस्था होते. कार्ट्रिजवाला इंकजेट, दुकानात सगळ्यात स्वस्त दिसणारा, तो कमी वापरणाऱ्यालाच सगळ्यात महाग पडतो. आणि कुठलाही घ्या, दुकानदाराला एक प्रश्न विचारून घ्या, रंगीत शाई संपली तर काळं छापतो का. समोर दाखवायला सांगा.

तुमच्या आत्ताच्या प्रिंटरचं बघायचं असेल तर एक काळं पान काढा, मोबाइलच्या कॅमेऱ्याने एका अक्षराचा अगदी जवळून फोटो घ्या आणि झूम करा. कडेला निळे, गुलाबी ठिपके दिसले तर तो रंग मिसळतोय, मग सेटिंग बदलून तेच अक्षर परत काढून बघा. माझ्या प्रश्नपत्रिकेतला "प्र. १" असा निळागुलाबी निघाला होता, प्लेन पेपर आणि ब्लॅक इंक ओन्ली केल्यावर पूर्ण काळा आला.